ड्रॅगन नक्की केवढा? (दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायचाय)

मोरपिशी
मंडळी, प्रश्न पोरांचा आहे पण मला खरंच उत्तर हवंय. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात दरवर्षी पोरं किल्ला करतात. यंदा सिंहगड आहे, विटा-दगड रचून झाले, पोत्यावर माती लिंपून झाली, अळीव पेरायचे बाकी आहेत. आणि यंदा माझा भाचा (वय १२) म्हणाला की गडावर ड्रॅगन बसवायचा. मोठ्यांनी आधी नाकं मुरडली, मग एक आजी म्हणाल्या गेल्या वर्षी रेल्वे चालते तर यंदा ड्रॅगन का नाही, तेव्हा परवानगी मिळाली.

भांडण पुढे सुरू झालं. भाचा म्हणतो ड्रॅगन गडापेक्षा मोठा हवा, कारण टोल्किनच्या ‘सिल्मरिलियन’ पुस्तकातला अँकॅलगॉन नावाचा ड्रॅगन पडला तेव्हा डोंगर फुटले. वरच्या मजल्यावरची मैत्रीण (वय १३) म्हणते तसं पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही, ड्रॅगन टोल्किनच्याच ‘हॉबिट’मधल्या स्मॉगएवढा करायचा आणि स्मॉग डोंगराच्या आत राहायचा, म्हणजे डोंगरापेक्षा लहानच असणार. दोन दिवस झाले दोघं बोलत नाहीयेत आणि पुठ्ठा तसाच पडलाय. मी दोन्ही पुस्तकं वाचलीत, मलाही नक्की सांगता येईना. तुमच्या डोक्यात ड्रॅगन केवढा असतो? आणि का तेवढा?

चहाबाज
आमच्या डोक्यात मावेल एवढा. जाणकार येतीलच, मी जागा धरून ठेवतो.

पर्वतीपायथा
ताई, त्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. ती बरोबर आहे आणि पुरावा पुस्तकातच आहे.

‘हॉबिट’ (१९३७) मध्ये डोंगराचा चोरदरवाजा किती मोठा ते चक्क लिहिलंय. पाच फूट उंच आणि तीन जण शेजारी-शेजारी चालतील एवढा रुंद. आणि तिथंच असंही म्हटलंय की या भोकातून स्मॉग तरुणपणीसुद्धा शिरू शकला नसता. पुढे बिल्बो (गोष्टीचा बुटका नायक) त्याची खोडी काढून बोगद्यातून पळतो तेव्हा स्मॉग मागून डोकं घुसवायला बघतो, अख्खं डोकं आणि जबडा आत जात नाही, नाकपुड्यांतून नुसती आग आणि वाफ येते. म्हणजे डोकं पाच फुटी बोगद्यापेक्षा मोठं, पण निदान प्रयत्न करून बघावा इतपतच मोठं. डोकं घराएवढं असतं तर तो घुसवायला गेलाच नसता ना.

आता मगरीचा हिशोब लावा, मगरीचं डोकं अंगाच्या साधारण सातव्या भागाएवढं असतं. स्मॉगचं डोकं दहा-अकरा फूट लांब धरलं तर अंग सत्तर-ऐंशी फूट. आपल्या शहरातली मोठी बस बारा मीटरची असते, तशा दोन बस एकामागे एक. माझ्या डोक्यातला स्मॉग तेवढा आहे, आणि माझं ठाम मत आहे की भीती वाटायला तेवढा पुरतो. दोन बसएवढं काहीतरी अंधारात श्वास घेतंय आणि तुम्ही अनवाणी त्याच्यासमोर उभे आहात, आणखी काय पाहिजे?

आग_ओक
पर्वतीपायथा, बोगद्याचा मुद्दा भारी आहे, मी हे कधी असं मोजलंच नव्हतं. पण स्मॉग मेल्यावर सरोवरावरच्या गावावर पडतो आणि गाव संपतं, हे कसं बसवणार? नंतर कित्येक वर्षं त्याची हाडं उथळ पाण्यात दिसायची असंही आहे. दोन बसनी गाव संपत नाही.

पर्वतीपायथा
लाकडी खांबांवरचं गाव, आधीच अर्धं जळालेलं, आणि वरून कित्येक टन वजन आकाशातून येतंय. संपतं.

आग_ओक
बरं, हे मान्य.

मी मार्टिनवाली (‘गेम ऑफ थ्रोन्स’ लिहिणारा) आहे, त्यामुळे माझ्यासाठी ड्रॅगनचा आकार हा एक आकडाच नाही. तिकडे ड्रॅगनला खायला आणि मोकळीक मिळत राहिली तर तो मरेपर्यंत वाढत राहतो. बॅलेरियन नावाचा ड्रॅगन एवढा की त्याची सावली पडली तर गावंच्या गावं झाकली जायची, अख्खा मॅमथ गिळेल असा. आणि नंतर? तळघरात टिरियन हे पात्र मेलेल्या ड्रॅगनांच्या कवट्या बघतं तो भाग आठवा. एकोणीस कवट्या. व्हेगारच्या घशातून घोड्यावर बसून आत जाता येईल, आणि सगळ्यात शेवटच्या दोन कवट्या मोठ्या कुत्र्याच्या डोक्यापेक्षा जास्त नाहीत. घुमटाखाली कोंडून ठेवलेले ड्रॅगन लहान लहान होत गेले आणि ते पाळणारं राजघराणंही तसंच खुजं होत गेलं. मी कॉलेजात असताना तो भाग वाचला आणि पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. फॅन लोक बॅलेरियनची लांबी किती मीटर यावर रात्र-रात्र भांडतात, मीही भांडलेय, पण खरी गोष्ट त्या कवट्यांच्या उतरत्या रांगेत आहे असं मला मनापासून वाटतं.

मोरपिशी, तुमच्या भाच्याला विचारा ड्रॅगन किती वर्षांचा आहे. त्यावर आकार ठरेल.

अवकाळी
मी भाच्याच्या पार्टीत. एकटा असलो तरी.

तुम्ही सगळे फूटपट्टी घेऊन आलात. ‘सिल्मरिलियन’मध्ये सरळ लिहिलंय की अँकॅलगॉन थँगोरोड्रिमच्या मनोऱ्यांवर पडला आणि ते त्याच्यासकट मोडले. थँगोरोड्रिम म्हणजे तीन शिखरं, आकाशात घुसलेली. तो प्रसंग जगाच्या एका युगाचा शेवट आहे, तिथं दोन बसचा ड्रॅगन आणून ठेवला तर काय राहिलं? मी नववीत असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात क्षितिज झाकणारं काहीतरी उभं राहिलं आणि ते आजही तसंच आहे. कोणी कितीही गणित केलं तरी ते लहान होणार नाही. पुराणकथेच्या भाषेत लिहिलेल्या गोष्टीला मीटर लावायचाच कशाला?

पर्वतीपायथा
अवकाळी, तुझ्या मनातला ड्रॅगन तुझा आहे, तो मी काढून घेत नाहीये. पण मजकूर काय म्हणतो ते तरी नीट वाचूया.

एक, वाक्यात मनोरे मोडले असं आहे, तो मनोऱ्यांएवढा होता असं नाही. इंटरनेटवरच्या चित्रांत तो तीन शिखरांवर आडवा पसरलेला दाखवतात आणि शेजारी स्मॉग मुंगीएवढा, ती चित्रकारांची कल्पना आहे.

दोन, थँगोरोड्रिम हा अखंड कातळ नाहीच. मेल्कोर या खलनायकाच्या भट्ट्यांची राख, मळी आणि बोगदे खणताना निघालेला राडारोडा यांचा तो ढीग आहे.

तीन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. त्याच लढाईत एआरेंडिल हा वीर आपल्या जहाजातून आला आणि त्याच्याबरोबर थोरोंडोर या गरुडराजाच्या नेतृत्वाखाली सगळे मोठे पक्षी आले. थोरोंडोरच्या पंखांचा पसारा पुस्तकात दिलाय, तीस फॅदम. एक फॅदम सहा फूट, म्हणजे १८० फूट, म्हणजे ५५ मीटर. त्या जगातला सगळ्यात मोठा पक्षी ५५ मीटर, आणि हे पक्षी दिवसभर, रात्रभर ड्रॅगनांशी लढले. समोरचा सह्याद्रीएवढा असता तर लढाई झालीच नसती. मी अँकॅलगॉनला थोरोंडोरच्या तिप्पट-चौपट द्यायला तयार आहे. त्यापुढे एक इंचही नाही.

चहाबाज
तिप्पट-चौपटवर तोडपाणी होतंय, अवकाळी घेऊन टाक.

अवकाळी
नाही घेणार :)

कातळशिल्प
पेशाने सिव्हिल इंजिनियर आहे म्हणून मळीच्या ढिगाबद्दल दोन शब्द. सुटं मटेरियल विशिष्ट उतारापर्यंतच उभं राहतं. त्यापेक्षा तीव्र उतार केला तर ते आधीच निसटायच्या बेतात असतं, पावसाळ्यात घाटात दरड येते तेव्हा धक्का फार मोठा लागत नाही. उंच, तीव्र उताराचा, आतून पोखरलेला राखेचा ढीग पाडायला ढिगाएवढंच काही पडावं लागत नाही. पर्वतीपायथा यांचा मुद्दा दोन मला पटला.

माळरान
मी पक्षीवाला, त्यामुळे मला एकच प्रश्न पडतो: हे उडतात कसे?

नान्नजला माळढोक बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबतचे काका म्हणाले, हा बघ, उडणाऱ्या पक्ष्यांमधला पैलवान. नर माळढोक पंधरा किलोच्या आसपास. आफ्रिकेतला त्याचा भाऊबंद अठरा-वीसपर्यंत जातो आणि आज जिवंत असलेल्या उडणाऱ्या पक्ष्यांची हद्द तिथंच संपते. वीस किलो! आपल्याकडे तांदळाचं पोतंसुद्धा यापेक्षा जड असतं. भटक्या अल्बट्रॉसचा पंखपसारा साडेतीन मीटरपर्यंत असतो पण वजन दहा-बारा किलोच.

जुन्या काळात गेलात तर क्वेट्झालकोॲटलस हा उडणारा सरीसृप, टेक्सासमध्ये १९७१ साली हाडं सापडली. पसारा दहा-अकरा मीटर, उभा राहिला तर जिराफाएवढा, आणि वजन बहुतेक अंदाजांत दोनशे ते अडीचशे किलो. पृथ्वीवर उडालेल्या प्राण्यांत यापेक्षा मोठं आपल्याला माहीत नाही. ड्रॅगनच्या चर्चेत हा प्राणी कोणी आणत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण खरोखरचा ड्रॅगन हाच होता.

त्रैराशिक
माळरान यांनी आकडे दिलेच आहेत तर हिशोब करूनच टाकतो.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेच्या सातव्या सीझनच्या वेळी दिग्दर्शकानेच सांगितलं होतं की ड्रॅगन आता बोईंग ७४७ एवढे झालेत. ७४७-४०० चा पंखपसारा ६४ मीटर, लांबी सत्तरच्या वर. म्हणजे क्वेट्झालकोॲटलसच्या सहापट. आता त्याच प्राण्याला सगळ्या बाजूंनी सहापट करा. पंखांचं क्षेत्रफळ सहा गुणिले सहा, ३६ पट. वजन सहा गुणिले सहा गुणिले सहा, २१६ पट. सव्वादोनशे किलोचे झाले अठ्ठेचाळीस टन. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर आधीपेक्षा सहापट ओझं, आणि मूळ प्राणी आधीच हद्दीवर होता.

हा नियम नवा नाही, गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात मोठ्या प्राण्याचं हाड नुसतं लांब करून चालत नाही, भलतंच जाड करावं लागतं, हे चित्र काढून दाखवलंय. आणि जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनचा १९२६ चा ‘योग्य आकाराचं असणं’ या विषयावरचा निबंध मिळाला तर जरूर वाचा. त्यात त्याने देवदूताचा हिशोब केलाय, गरुडाच्या ताकदीचे स्नायू दिले तर देवदूताची छाती चार फूट पुढे काढावी लागेल. हाच हॉल्डेन नंतर १९५७ मध्ये भारतात आला आणि इथलाच झाला, भुवनेश्वरला वारला. मला तो निबंध अकरावीत एका सरांनी दिला होता, तेव्हापासून मी कुठलाही राक्षस बघितला की आधी त्याच्या मांड्या बघतो.

आग_ओक
पण हे सगळं जादूच्या जगात आहे ना? आग ओकलेली चालते आणि वजन चालत नाही?

त्रैराशिक
चालतं की. माझं म्हणणं एवढंच, लेखकाने सूट घेतलीय हे त्याला माहीत असावं. नेपोलियनच्या काळातल्या लढायांत ड्रॅगन आणणारी नओमी नोविकची मालिका आहे, त्यात ड्रॅगनवर जहाजासारखे खलाशी चढलेले असतात, दोर, पट्टे, सगळं. तिनं ड्रॅगनच्या अंगात हवेच्या पिशव्या दिल्या आणि तेवढ्यावर मी पुढचं सगळं आनंदाने मानलं. सूट मागितली की वाचक देतो. न मागता घेतली की खटकतं.

कुसुमाग्रज_नगर
अवांतर: पाय किती? चार पाय आणि दोन पंख की दोन पाय आणि दोन पंख? दोन पायांचा असेल तर तो वायव्हर्न, ड्रॅगन नाही.

पर्वतीपायथा
झालं, आता हा धागा दोनशेवर जाणार.

आग_ओक
मार्टिनचे दोन पायांचेच आहेत आणि त्याने कारण दिलंय, पृथ्वीवर चार पाय आणि वर पंख असा एकही कणा असलेला प्राणी नाही. पक्षी घ्या, वटवाघूळ घ्या, पुढच्या पायांचेच पंख झालेत.

माळरान
आणि क्वेट्झालकोॲटलससुद्धा तसाच, मिटलेल्या पंखांवर टेकून चालायचा. बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की तो उडी मारायचा ती चारही अवयवांनी, म्हणजे पंखांच्या स्नायूंनीच जमिनीला रेटा द्यायचा. एवढं वजन नुसत्या मागच्या पायांनी उचलणं अवघड होतं. त्यामुळे मोठा ड्रॅगन हवा असेल तर दोन पायांचाच करा, तेच जास्त पटतं.

वीस_पैलू
आम्ही कोथरूडला दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावरचा खेळ खेळतो. तिथं हा वाद नियमाने सुटलेला आहे. पाचव्या आवृत्तीत प्रौढ ड्रॅगन पंधरा फूट बाय पंधरा फूट जागा घेतो, आणि पुरातन ड्रॅगन सगळ्यात वरच्या गटात, वीस बाय वीस किंवा जास्त. आम्ही एकदा मित्राच्या हॉलमध्ये सोफे बाजूला सारून फरशीवर खडूने वीस बाय वीस आखायला गेलो तर हॉल संपला, स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत रेघ गेली. मित्राची आई पोळ्या करत होती, त्या म्हणाल्या माझ्या पायाशी काय आलंय? आम्ही म्हणालो काकू, शेपटी. त्या क्षणी मला वीस फूट म्हणजे काय ते कळलं. कागदावर तो आकडा फार लहान वाटतो. म्हणून मी पर्वतीपायथा यांच्या दोन बसच्या बाजूने, सत्तर फूट ही चेष्टा नाही.

नारायणपेठी
मी या विषयातली इंग्रजी पुस्तकं वाचलेली नाहीत, नातवाने ऐकवली तेवढीच. पण आकाराचा वाद वाचून राहवलं नाही.

भागवताच्या दशम स्कंधात अघासुर येतो. तो अजगर होऊन वाटेत पडून राहिला. लांबी एक योजन, जाडी डोंगरासारखी. योजन म्हणजे बारा-तेरा किलोमीटर धरतात, काही जण कमी धरतात. गोपाळांना ते तोंड आहे हे कळलंच नाही. ते म्हणाले ही गुहा दिसतेय, हे वरचे लालसर ढग म्हणजे ओठ वाटतायत, ही शिखरं दातांसारखी दिसतायत, आणि टाळ्या पिटत, हसत आत गेले. मला हा प्रसंग लहानपणी आईने सांगितला तेव्हापासून आजवर असा मोठा प्राणी दुसरा कुठे भेटला नाही. इतका मोठा की दिसतच नाही.

आणि अवकाळी, पुराणाला मोजमाप लावू नये असं तुम्ही म्हणालात, पण आमची पुराणं मोजमाप देतात हो. सुंदरकांडात सुरसा तोंड पसरते तेव्हा हनुमान दहा योजनं होतो, ती वीस, तो तीस, ती चाळीस, असं करत ती शंभरावर जाते. आणि शंभरावर गेल्यावर हनुमान काय करतो? अंगठ्याएवढा होतो, तोंडात जाऊन बाहेर येतो. मोठेपणाची शर्यत लहान होऊन जिंकतो.

अवकाळी
नारायणपेठी काका, दंडवत. माझ्या मनात जे होतं ते तुम्ही सांगितलंत. इतका मोठा की दिसतच नाही! अँकॅलगॉन मला तसाच वाटतो.

पर्वतीपायथा
काका, माझाही नमस्कार. आणि हे बघा, हनुमानाने अंगठ्याएवढं होणं आणि बिल्बोने पाच फुटी बोगद्यातून शिरणं, दोन्ही एकच चाल आहे. आकार कळतो तो लहानाच्या बाजूने.

माळरान
सर्पांचा विषय निघालाच आहे तर, कच्छमध्ये पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत सापडलेल्या सापाला २०२४ मध्ये ‘वासुकी इंडिकस’ नाव दिलं. चार कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीचा, अंदाजे लांबी अकरा ते पंधरा मीटर. नाव ठेवणाऱ्यांना कुठून सुचलं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. एका बसएवढा किंवा त्याहून लांब साप खरोखर होता. पोरांना सांगा.

सातवा_बुरूज
उशिरा आलो, सगळा धागा एका दमात वाचला.

मी गड फिरतो. शिवनेरीला जाल तेव्हा दरवाजावर थांबून शरभ बघा. आपल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर असा पशू कोरलेला असतो, सिंहासारखा, काही ठिकाणी पंख असलेला, आणि पुष्कळदा त्याच्या पंजात, शेपटीत, पायाखाली हत्ती असतात. हत्ती! उंदराच्या पिलाएवढे. ज्या पाथरवटाने ते कोरलं त्याने रोज हत्ती बघितले असतील, हत्ती केवढा असतो ते त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने हत्ती लहान केला, कारण त्याला शरभाची लांबी सांगायची नव्हती, या दरवाजाच्या आत कोण राहतं ते सांगायचं होतं.

आपला दिवाळीचा किल्लाही तसाच असतो की. महाराज सिंहासनावर बुरुजापेक्षा मोठे, वाघ तोफेच्या दुप्पट, आणि पायथ्याशी भाजीवाली तटबंदीएवढी उंच. पन्नास वर्षं आपण ते बघतोय आणि कोणाला खटकलं नाही. त्यामुळे भाच्याला ड्रॅगन मोठा करू द्या असं माझं मत.

मोरपिशी
बापरे, मी ऑफिसातून येऊन बघते तर एवढं! सगळ्यांचे आभार. दोघांना शेजारी बसवून धागा मोठ्याने वाचून दाखवला. बोगद्याचं ऐकून ती खूश, अघासुराचं ऐकून तो खूश. पण बोलायला लागले हे महत्त्वाचं.

त्यांनी विचारलंय: आमच्या किल्ल्याची उंची चार फूट आहे, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे चार इंची आहेत. मग स्मॉग किती इंचांचा करायचा?

त्रैराशिक
हा प्रश्न मला फार आवडला. थांबा.

सिंहगड पायथ्यापासून साधारण ७६० मीटर उंच. तुमचा किल्ला चार फूट, म्हणजे १.२ मीटर. प्रमाण झालं एकास साधारण ६३०. या प्रमाणात:
माणूस: अडीच मिलिमीटर. मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा.
पर्वतीपायथा यांचा स्मॉग (२४ मीटर): पावणेचार सेंटिमीटर. पालीचं पिल्लू.
थोरोंडोरचा पसारा: पावणेनऊ सेंटिमीटर.
बोईंगवाला ड्रॅगन: अकरा सेंटिमीटर.
अघासुर: वीस मीटर, सोसायटीच्या फाटकाबाहेर जाईल.

आता मावळ्याच्या बाजूने. चार इंची मावळा म्हणजे साडेपाच फुटी माणूस, प्रमाण एकास साडेसोळा. या प्रमाणात:
स्मॉग: जवळजवळ दीड मीटर, किल्ल्याच्या उंचीपेक्षा मोठा!
बोईंगवाला: सव्वाचार मीटर, म्हणजे चौदा फूट.
आणि मावळ्याच्या मापाने सिंहगड करायचा तर ४६ मीटर उंच करावा लागेल, पंधरा मजली इमारत.

म्हणजे दोघंही बरोबर आहेत. मावळ्याकडून बघितलं तर ड्रॅगन गडापेक्षा मोठा, गडाकडून बघितलं तर पालीएवढा. मी हे दोनदा तपासलं.

पर्वतीपायथा
त्रैराशिक, कमाल केलीस. इतक्या वर्षांत अँकॅलगॉनच्या वादावर यापेक्षा चांगलं उत्तर मी वाचलं नाही. आम्ही एकमेकांशी भांडतो पण एक जण मावळ्यापाशी उभा असतो आणि दुसरा गडापाशी. टोल्किनला स्वतःलाही हे सुटलं नव्हतं. त्याने स्मॉग आणि बिल्बोचं जे चित्र काढलंय त्यात बिल्बो फारच मोठा झालाय असं त्याने १९३८ च्या एका पत्रात स्वतः कबूल केलंय.

अवकाळी
मी मावळ्यापाशी उभा आहे. नववीपासून. आता मला तिप्पट-चौपट चालेल, पण मोजताना माझ्याबाजूने मोजायचं.

पर्वतीपायथा
मान्य. लेखी देतो.

आग_ओक
मग मावळे काढून टाका ना किल्ल्यावरून? सगळा घोळ त्यांचाच आहे.

सातवा_बुरूज
मावळ्यांशिवाय सिंहगड? नाही हो, ते नको. ड्रॅगन एक वेळ राहू दे.

कातळशिल्प
ड्रॅगन पूर्ण दाखवलाच पाहिजे असं आहे का? दोन बाजूंनी दोन तुकडे दिसू देत, बाकी गडाच्या आत.

नारायणपेठी
कातळशिल्प म्हणतात तेच मी सुचवणार होतो. गुहा करा.

मोरपिशी
मंडळी, भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आता निवांत लिहिते.

पोरांनी काय केलं ऐका. अख्खा ड्रॅगन केलाच नाही. मागच्या बाजूला, कल्याण दरवाजाच्या खाली, त्यांनी एक गुहा केली. वरून लाल मातीचा ओठ, आत पांढऱ्या खडूचे सुळे, आणि खोल आत एक पिवळा दिवा, डोळ्याचा. गुहेच्या तोंडाशी तीन मावळे, मशाली घेतलेले, आत निघालेले. त्यांना अजून कळलेलं नाही. आणि गडाच्या पुढच्या बाजूला, पुणे दरवाजाच्या तटावरून, शेपटीचं टोक खाली लोंबतंय, तेवढंच. मधलं सगळं अंग म्हणजे गड. भाचा म्हणतो ड्रॅगन गडाएवढा झाला. ती म्हणते ड्रॅगन गडाच्या आत राहतोय. दोघंही आपापल्या जागी जिंकलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोघं मिळून समजावून सांगतात.

लक्ष्मीपूजनापर्यंत अळीव बोटभर वर आले. शेपटीवरही आले, तिथं माती लिंपली होती ना. तळमजल्यावरचं चार वर्षांचं पोर रोज संध्याकाळी येऊन शेपटीला पाणी घालतं, हळूच, एका वाटीने, आणि आत डोळ्याकडे बघून पळून जातं.

आग_ओक
खायला-प्यायला आणि मोकळीक मिळाली की वाढतात, म्हणलं होतं ना मी! फोटो टाका हो लवकर.

मोरपिशी
टाकते. पण फोटोत गुहा केवढी आहे ते कळत नाहीये, मोजमापासाठी शेजारी काय ठेवू?

त्रैराशिक
मावळा सोडून काहीही.

चहाबाज
काडेपेटी ठेवा.